कारखान्यांच्या प्रदूषण-परवानग्या सुधारायच्या तर हात नेमका कुठे घालायचा?

प्रश्न असा आलाय की एमआयडीसीत कन्सेंट, म्हणजे कारखान्याला लागणारी प्रदूषण मंडळाची परवानगी, मिळवायला महिनेच्या महिने जातात, एवढं करूनही नाल्याचं पाणी रंगीतच वाहतं, मग ही व्यवस्था सुधारायची कशी, सगळं ऑनलाईन केलं आणि बोर्डात, म्हणजे ह्या मंडळात, माणसं वाढवली की पुरेल का?

ऑनलाईन होऊन बरीच वर्षं झाली हो. माणसं हवीतच, देशभरातल्या प्रदूषण मंडळांमध्ये जवळपास निम्मी पदं रिकामी आहेत, पण नुसती माणसं भरून नाला स्वच्छ होणार नाही, का ते पुढे सांगतो. माझी बरीच वर्षं आधी ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, चालवण्यात आणि नंतर कन्सेंट-ऑडिटच्या कामात गेली, तीही मुख्यतः कोकणपट्टीतल्या केमिकल एमआयडीसींमध्ये, त्यामुळे खालचं सगळं त्या बाजूने बघितलेलं आहे. साखर कारखाने किंवा चंद्रपूरकडची वीजकेंद्रं ह्यांचं गणित वेगळं, त्यावर त्या लाईनमधल्या कोणीतरी लिहावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण सगळी ताकद परवानगी देण्याच्या टप्प्यावर खर्च करतो आणि परवानगी दिल्यावर कारखाना रोज काय सोडतो ह्याची खरी मोजणी कोणीच करत नाही. आणि जी मोजणी होते ती ज्याची मोजायची त्याच्याच पैशाने होते. हे दोन धागे सुटले नाहीत तर बाकी सुधारणा म्हणजे कागदी घोडेच.

कायद्याची कमी नाहीये. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधीच, १९६९ मध्ये पाणी प्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला होता, ७ सप्टेंबर १९७० ला आपलं मंडळ उभं राहिलं. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, तो इथे लागू झाला १ जून १९८१ पासून, त्याच वर्षी हवेचा कायदा आला, आणि भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. त्याखाली घातक कचऱ्याचे नियम, २००६ ची ईआयए (पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास) अधिसूचना वगैरे वगैरे. कारखानदाराला विचाराल तर तो म्हणेल कायदे जरा जास्तच झालेत, आणि त्याच्या जागी उभं राहून बघितलं तर ते अगदीच खोटं नाही.

आता कन्सेंट बनते कशी ते बघा. आधी तुमच्या उद्योगाचा रंग ठरतो, लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा. २०१६ च्या पद्धतीत ६० किंवा जास्त गुण म्हणजे लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा, त्याखाली पांढरा, २०२५ मध्ये गुणांची पद्धत सुधारली आणि अत्यावश्यक पर्यावरण सेवांसाठी निळा रंग वाढवला. मग बांधकामाआधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश, उत्पादनाआधी कन्सेंट टू ऑपरेट, आणि मुदत संपली की रिन्यूअल. फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर, त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट जोडायचं. इथेच पहिली गोम आहे. फीचा प्रदूषणाशी काही संबंध नाही! कोट्यवधींची क्लीन रूम बांधलेली औषध कंपनी मोठी फी भरते आणि जुन्या शेडमध्ये दोन रिअ‍ॅक्टर टाकून डाय इंटरमिजिएट (रंगांचा कच्चा माल) बनवणारा किरकोळ फी भरतो, जरी त्याच्या एका बॅचचं मदर लिकर, म्हणजे माल काढून घेतल्यावर उरलेलं घट्ट सांडपाणी, अख्ख्या सीईटीपीला, म्हणजे वसाहतीच्या सामायिक शुद्धीकरण केंद्राला, आडवं करू शकत असलं तरी.

अर्जात सगळ्यात महत्त्वाचं पान असतं वॉटर बॅलन्सचं, आणि सगळ्यात निष्काळजीपणे भरलं जाणारंही तेच. किती पाणी घेतलं, किती बॉयलरला, किती कूलिंगला, किती प्रोसेसमध्ये, किती सांडपाणी निघालं. कन्सल्टंटकडे एक जुनी फाईल असते, त्यातले आकडे थोडे इकडे तिकडे करून नवीन क्लायंटला चिकटवतात, मी अशा फाईली बघितल्यात ज्यात कारखाना रबराचा आणि प्रोसेसचं वर्णन रंगाचं. अधिसूचित औद्योगिक वसाहतीतल्या लहान सिंथेटिक केमिकल युनिटला, म्हणजे आपले ५(एफ)वाले, दिवसाला २५ क्युबिक मीटरच्या आत पाणी, २५ टनांच्या आत इंधन आणि मोठ्या धोक्याच्या साठ्याच्या नियमांत न बसणं, ह्या अटींवर सविस्तर ईआयए रिपोर्टमधून सूट मिळते. मग काय, अर्जात पाणी भरलं जातं २४ क्युबिक मीटर. नियम करणाऱ्याचा हेतू चांगला होता, लहान माणसाला उगाच मोठ्या अभ्यासाच्या खर्चात पाडू नये, पण एकदा रेघ मारली की सगळे रेघेच्या आत एक पाऊल येऊन उभे राहतात.

गंमत म्हणजे हे खोटं पकडायला कुठलंही नवीन यंत्र लागत नाही. पाणी एमआयडीसी देते आणि दर महिन्याला त्याचं बिल काढते. वीज महावितरण देते. म्हणजे सरकारच्याच दोन खात्यांकडे आकडे पडून आहेत आणि कन्सेंटच्या फाईलशी ते आपोआप जुळवून बघण्याची सोय नाही. सिंगल विंडो म्हणून जे काही झालं त्यात अर्ज एका ठिकाणी गोळा होतात, माहिती मात्र वेगवेगळ्या खोल्यांतच राहते. मला कोणी विचारलं की ऑनलाईनमध्ये पुढची सुधारणा काय हवी, तर मी म्हणेन नवीन फॉर्म नको, पाण्याचं बिल कन्सेंट नंबरला जोडा.

विजेचं उदाहरण देतो म्हणजे मुद्दा कळेल. ईटीपीत एरेशन टाकी असते, तिच्यात ब्लोअरने हवा सोडतात, जीवाणू त्या हवेवर जगतात आणि सांडपाण्यातला सेंद्रिय माल खातात. समजा साडेसात एचपीचा ब्लोअर आहे, तो साधारण ५.६ किलोवॅट खेचतो. चोवीस तास चालला तर दिवसाला १३४ युनिट, महिन्याला चार हजाराच्या आसपास. आता ईटीपीचा वेगळा मीटर महिन्याला ९०० युनिट दाखवत असेल तर ब्लोअर दिवसाला साडेपाच तासच चाललाय, म्हणजे जीवाणू बाकी वेळ गुदमरतायत, म्हणजे ईटीपी चालत नाहीये. लॉगबुकात काहीही लिहिलेलं असो! वेगळ्या मीटरची अट अनेक कन्सेंटमध्ये लिहिलेली असतेच, पण तो आकडा दर महिन्याला कोण वाचतं?

आता मर्यादांकडे येऊ. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा सीओडी २५० आणि बीओडी ३० मिलिग्रॅम प्रति लिटर, सस्पेंडेड सॉलिड्स १००. (सीओडी म्हणजे पाण्यातला माल रासायनिकरीत्या जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते, बीओडी म्हणजे जीवाणूंना तो खायला किती लागतो ते.) तपासणी होते ती ह्या लिटरमागच्या आकड्याची. चाळीस क्युबिक मीटर सांडपाणी १००० च्या सीओडीवर आहे, म्हणजे दिवसाला ४० किलो सीओडी. त्यात एकशेवीस क्युबिक मीटर स्वच्छ पाणी मिसळा, एकशेसाठ क्युबिक मीटर झालं, सीओडी बरोब्बर २५०, रिपोर्ट पास, आणि नाल्यात गेले किती? तेच ४० किलो. आमटीत मीठ जास्त पडलं म्हणून पाणी ओतलं तर चव सुधारते पण मीठ भांड्यातच राहतं, तसलाच प्रकार. पाणी मिसळून पातळ करायला कन्सेंटमध्ये मनाई असते हे मला माहीत आहे, पण मनाई लिहिणं वेगळं आणि पकडणं वेगळं. दिवसाला किती किलो सोडायला परवानगी हा आकडा कन्सेंटच्या पहिल्या पानावर ठळक हवा आणि तपासणी त्याचीच हवी. त्यासाठी सॅम्पलसोबत त्या वेळचा फ्लो मीटरचा आकडा लागतो, बास.

सॅम्पलिंगबद्दल तर काय बोलावं. बोर्डाचा फील्ड ऑफिसर येतो, जेव्हीएस घेतो, म्हणजे कंपनीच्या माणसासमोर घेतलेलं सॅम्पल, सील होतं, लॅबला जातं. पद्धत ठरलेली. पण बोर्डाची गाडी एमआयडीसीच्या गेटमधून आत शिरली की वसाहतीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडलेला असतो, आणि गाडी पहिल्या कंपनीत चहा घेईपर्यंत बाकीच्यांचे ब्लोअर सुरू झालेले असतात. शिवाय बॅच प्रोसेसमध्ये घाण काही चोवीस तास सारखी येत नाही, फिल्टरेशनच्या दोन तासांत येते, आणि तो दोन तासांचा मुहूर्त रात्री अडीचचा असतो. दुपारी बाराला बाटली भरून काय कळणार?

म्हणून मी म्हटलं नुसती माणसं वाढवून होणार नाही, आणि हे फक्त माझं मत नाही, गुजरातेत ह्याचा चक्क प्रयोग झालाय. एस्थर डुफ्लो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन ह्या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण मंडळासोबत काम केलं. एका प्रयोगात काही कारखान्यांच्या तपासण्या जवळपास दुप्पट केल्या. प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. कारण असं निघालं की अधिकाऱ्यांना स्वतःच्या अंदाजाने सगळ्यात घाणेरडे कारखाने आधीच माहीत होते आणि ते तिकडे जातच होते, वाढीव तपासण्या सरसकट वाटल्या गेल्या आणि किरकोळ दोष असलेल्यांकडे जाऊन आल्या. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही, कुठल्याही जुन्या एसआरओला (मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला) विचारा, वसाहतीतले पाच नावाजलेले प्लॉट कुठले ते तो झोपेत सांगेल.

दुसरा प्रयोग ह्याहून महत्त्वाचा आहे. गुजरातेत थर्ड पार्टी पर्यावरण ऑडिट सक्तीचं होतं, पण ऑडिटर कारखाना निवडायचा आणि पैसेही कारखानाच द्यायचा. अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांत २००९ ते २०११ ह्या काळात बघितलं तर चिमणीतल्या धुळीचे ऑडिट रिपोर्ट १५० मिलिग्रॅम प्रति घनमीटरच्या मर्यादेच्या जस्ट खाली गर्दी करून बसलेले. ऑडिटरच्या मते फक्त ७ टक्के कारखाने मर्यादेबाहेर होते, स्वतंत्रपणे परत मोजलं तर निघाले ५९ टक्के. मग निम्म्या कारखान्यांत पद्धत बदलली. ऑडिटर चिठ्ठी टाकून ठरवायचा, पैसे एका सामायिक फंडातून ठरलेल्या दराने द्यायचे, काही रिपोर्ट गुपचूप परत तपासायचे, आणि दुसऱ्या वर्षी अचूकपणावर बक्षिसी. माणसं तीच, लॅब त्याच, यंत्रं तीच. खोटे 'पास' रिपोर्ट ८० टक्क्यांनी कमी झाले, आणि मुख्य म्हणजे कारखान्यांनी प्रदूषण खरंच कमी केलं, कारण आता रिपोर्ट विकत मिळत नव्हता.

आमच्या धंद्यातली ही उघडी गोष्ट आहे. लॅबवाला गरीब माणूस असतो, त्याचं बिल क्लायंट देतो, रिपोर्ट फेल आला तर क्लायंट पुढच्या महिन्यात दुसऱ्या लॅबकडे जातो. एका लॅबमध्ये मी स्वतः बघितलंय, सॅम्पल यायच्या आधी फोन येतो की 'साहेब, दोनशेच्या आत बसवा'. त्या केमिस्टला दोष देऊन काय होणार, त्याचा पगार कुठून येतो ते बघा.

त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पर्यावरण ऑडिटचे नियम आणले, त्यात नोंदणीकृत ऑडिटर आणि ते कारखान्याने न निवडता सोडत पद्धतीने नेमायचे असं आहे, तेव्हा मला खरंच बरं वाटलं. पण सोडत हा त्या प्रयोगाचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे पैसा कोणाच्या खिशातून कोणाच्या हातात जातो, आणि तिसरा म्हणजे परत तपासणी. चिठ्ठीने आलेल्या ऑडिटरलाही चेक कारखान्याच्याच अकाउंट खात्यातून मिळणार असेल तर तो चेक अडतो कधी आणि सुटतो कधी हे सगळ्यांना कळतं. परत तपासणीचं बजेट दरवर्षी वेगळं काढून ठेवा, ऑडिटरांपैकी थोड्यांचीच जरी ती झाली तरी धाक सगळ्यांना राहतो.

ऑनलाईन मॉनिटरिंगचं काय, असं कोणीतरी विचारेलच. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने सतरा प्रकारच्या जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना चिमणीवर आणि आऊटलेटवर सतत मोजणारी यंत्रं बसवायला सांगितली, डेटा थेट सर्व्हरला. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात प्रोब, म्हणजे सांडपाण्यात बुडवायचा सेन्सर, स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायला काही इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. पण बादलीतला प्रोब ओळखायलाही लागत नाही! खरं सांडपाणी हलतं, दुपारी वर जातं, पहाटे खाली येतं, बॅच सुटली की उडी मारतं. आठवडाभर सीओडी ११२, ११३, ११२ असं सरळ रेषेत चाललं असेल तर तो प्रोब एकतर बादलीत आहे किंवा मेलाय. सध्या अलर्ट जातो तो आकडा मर्यादेबाहेर गेल्यावर, म्हणजे प्रामाणिक माणसालाच आधी नोटीस. चोर सोडून संन्याशाला फाशी. अलर्ट सरळ रेषेलाही जायला हवा, फ्लो चालू आणि सीओडी हलत नाही ह्यालाही जायला हवा, आणि बॉयलर चालू असताना चिमणीची धूळ शून्य दाखवते ह्याला तर पहिल्यांदा.

आणि डेटा लोकांसमोर ठेवा. आपल्या मंडळाने ५ जून २०१७ ला स्टार रेटिंग सुरू केलं, चिमणीतल्या धुळीवरून कारखान्याला एक ते पाच तारे, वेबसाईटवर कोणीही बघावं. चांगलं पाऊल होतं, पण ते धुळीपुरतं. तारापूर, लोटे, महाड ह्या केमिकल वसाहतींचं दुखणं पाण्याचं आणि वासाचं आहे, त्याला तारे नाहीत.

सीईटीपीवर थोडं जास्त बोलतो कारण आपल्याकडे खरा घोळ तिथे आहे. लहान कारखान्याला स्वतःची पूर्ण ईटीपी परवडत नाही, म्हणून वसाहतीसाठी सामायिक प्रक्रिया केंद्र. प्रत्येकाने घरी प्राथमिक प्रक्रिया करून ठरलेल्या इनलेट मर्यादेत पाणी पाठवायचं, पुढचं काम केंद्र करेल. तारापूरचं बघा. केंद्रीय मंडळ औद्योगिक भागांना प्रदूषण निर्देशांक देतं, जितका जास्त तितका भाग वाईट, त्यात तारापूर २००९ ला ७२.०१ होतं, तेव्हा महाराष्ट्रातल्या पाच अतिप्रदूषित भागांत ते सगळ्यात खाली, वर चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई. जानेवारी २०१० मध्ये अशा भागांत नवीन पर्यावरण मंजुऱ्यांवर बंदी आली, मग कृती आराखडे लिहिले गेले, बंदी टप्प्याटप्प्याने उठली. २०१८ ला परत मोजलं तर तारापूर ९३.६९ वर, देशात पहिलं. आता मधल्या काळात मोजायची पद्धत बदलली होती हे खरं, आकड्याला आकडा लावून बघू नये, पण पहिला नंबर तो पहिला नंबर. २५ एमएलडीचं (दिवसाला २५ दशलक्ष लिटर क्षमतेचं) केंद्र होतं आणि वसाहतीतून येणारं पाणी त्याच्या झेपेपलीकडचं, मच्छीमार संघटना हरित लवादाकडे गेली तेव्हा कुठे धावाधाव झाली. पुढे ५० एमएलडीचं नवीन केंद्र उभं केलं.

पण क्षमता हा अर्धाच मुद्दा. अनेक ठिकाणी सभासदाकडून पैसे घेतात ते क्युबिक मीटरवर. मग शहाणा सभासद काय करेल, कमी पाण्यात जास्त घाण पाठवेल. शिवाय केंद्राची कंपनी चालवतात सभासदच, म्हणजे जो चेअरमन त्याचाच प्लॉट इनलेट मर्यादा मोडतोय, कोण कोणाला पकडणार, तेरी भी चूप मेरी भी चूप. रात्री कोणीतरी सॉल्व्हेंटवालं किंवा अ‍ॅसिडवालं पाणी सोडतो, सकाळी एरेशन टाकीवर पांढरा फेस, दुपारपर्यंत जीवाणू मेलेले, आणि ती टाकी परत उभी करायला शेण-गूळ-युरिया घालत आठवडेच्या आठवडे जातात. त्या काळात जे काही खाडीत जातं ते नुसतं नळातून येऊन नळातून गेलेलं पाणी. ऑपरेटर बिचारा पगार घेतो तीन शिफ्टच्या हिशोबाने आणि शिव्या खातो सगळ्या वसाहतीच्या.

ह्यावर उपाय नवीन नाहीत. प्रत्येक सभासदाच्या चेंबरला फ्लो मीटर आणि ऑटोसॅम्पलर, जो दर तासाला थोडं थोडं सॅम्पल स्वतः भरत राहतो, आणि त्या चेंबरची चावी सभासदाकडे नाही. बिल सीओडीच्या किलोवर आणि विरघळलेल्या क्षारांवर. मर्यादा मोडली की व्हॉल्व्ह बंद, त्याच दिवशी, नोटीस नंतर. आणि केंद्र चालवणारा सभासदांपैकी नको, बाहेरचा ठेकेदार हवा, ज्याचे पैसे आऊटलेटच्या पाण्यावर ठरतील. क्षारांचं विशेष सांगतो कारण त्यात लोक फसतात, जीवाणू मीठ खात नाहीत. जास्त टीडीएसवालं, म्हणजे विरघळलेले क्षार जास्त असलेलं, पाणी सीईटीपीत पाठवून काही उपयोग नाही, ते जसं आलं तसं बाहेर जातं आणि जाता जाता जीवाणूंनाही त्रास देतं. ते मुळातच, म्हणजे रिअ‍ॅक्टरच्या खाली, वेगळ्या पाईपने काढून एमईईला, बाष्पीभवनाला न्यायचं असतं. सगळं एका गटारात एकत्र केलं की मग जगातला कुठलाही प्लांट ते परत वेगळं करू शकत नाही, निदान परवडेल अशा पैशात तरी नाही.

दंडाचं बघू. आपल्याकडे बोर्डाचं मोठं हत्यार म्हणजे जल कायद्याचं कलम ३३ ए आणि हवेच्या कायद्याचं ३१ ए, उत्पादन बंद, वीज-पाणी तोडा. हत्यार इतकं मोठं आहे की ते उचलायलाच कोणी धजत नाही. आणि उचललं की पन्नास कामगार गेटवर, साहेबांना फोन, पंधरा दिवसांत बँक गॅरंटी भरून प्लांट सुरू, येरे माझ्या मागल्या. ह्याच्यापेक्षा लहान, रोजचा, न टळणारा दंड जास्त चावतो. त्याचं सूत्र केंद्रीय मंडळाकडे तयार आहे: उद्योगाच्या रंगावरून ठरणारा प्रदूषण निर्देशांक गुणिले दिवस गुणिले रुपयांचा घटक गुणिले आकार गुणिले स्थान. लाल उद्योगाला ८०, रुपयांचा घटक २५०, लहान युनिटला आकार ०.५, दहा लाखांहून कमी वस्तीला स्थान १, म्हणजे ८० × २५० × ०.५ = दिवसाला १०,००० रुपये. मोठ्या युनिटला आकार १.५, म्हणजे ३०,०००. लहान युनिटच्या मालकाला दिवसाचे दहा हजार लागायला लागले की तो स्वतःच हिशोब करतो. मोठ्याला मात्र तीस हजार म्हणजे काहीच नाही, त्याच्या एमईईची रोजची वाफ त्याहून महाग असते, तिथे हे सूत्र सोडलेल्या किलोंवर नेलं पाहिजे असं माझं मत. असे भरपाईचे पैसे मंडळाने लावावेत की नाही ह्यावर बरीच वर्षं वाद होता, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३३ ए आणि ३१ ए खाली मंडळांना तो अधिकार आहे असं सांगितलं, तेव्हा आता सबब राहिली नाही. जनविश्वास कायद्याने २०२३ मध्ये हवेच्या कायद्यातली बहुतेक तुरुंगवासाची कलमं जाऊन दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड आला ह्यावर लोक चिडले होते. मी नाही चिडलो. प्रदूषणासाठी तुरुंगात गेलेला कारखानदार मी तरी बघितलेला नाही.

पैशाचा आणखी एक रस्ता सुरतेत निघालाय. २०१९ पासून तिथल्या कोळसा जाळणाऱ्या, बहुतेक कापडाच्या, तीनशेवर कारखान्यांपैकी काहींवर धुळीची एकत्र मर्यादा घातली आणि आपापला वाटा खरेदी-विक्री करायला मुभा दिली, ज्याने फिल्टर नीट चालवला तो शिल्लक विकतो. बाजारात असलेल्या कारखान्यांची धूळ २० ते ३० टक्क्यांनी उतरली. हे चाललं कारण चिमणीतून किती किलो गेलं ते सतत मोजलं जात होतं आणि जास्त सोडलं तर आधी ठेवलेल्या अनामतीतून पैसे कापले जात होते. आपल्याकडे इचलकरंजी-भिवंडीच्या प्रोसेस हाऊसना करण्यासारखं आहे. पाण्याला मात्र हे लावू नका, एका नाल्यातली घाण दुसऱ्या नाल्याच्या सफाईने भरून निघत नाही.

आता दुसरी बाजू, प्रश्न विचारणाऱ्याची, म्हणजे कन्सेंटला महिने लागतात ती. खरं आहे. जल कायद्यात चार महिन्यांत निर्णय नाही झाला तर कन्सेंट मिळाली असं मानायची तरतूद आहे, पण ती 'मानलेली' कन्सेंट घेऊन बँकेत जाऊन बघा, मॅनेजर हसेल. उशीर होतो त्यातला बराचसा अर्धवट अर्जांमुळे, बाकीचा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यामुळे, आणि थोडा कशामुळे ते इथे लिहायची गरज नाही. ज्यांचं उत्पादन आणि प्रदूषणभार वाढलेला नाही त्यांना स्वयंघोषणेवर आपोआप रिन्यूअलची सोय आहे, ती वापरा, अनेकांना माहीतच नसते. मी पुढे जाऊन म्हणेन की हिरव्या रंगाच्या उद्योगांना तर नुसती नोंदणी पुरे, आणि तिथे वाचलेले अधिकाऱ्यांचे तास त्या पाच नावाजलेल्या प्लॉटवर रात्री अडीचला खर्च करा. कन्सेंटच्या अटीही छाटायला हव्यात, पाचशे चौरस मीटरच्या प्लॉटला ३३ टक्के हरित पट्टा लिहून काय साधतं, लोक कुंड्या मांडून फोटो अपलोड करतात.

लहान युनिटवाल्यांना वैयक्तिक सल्ला द्यायचा तर, कन्सल्टंटवर जेवढे घालता त्याच्या निम्मे ईटीपी ऑपरेटरच्या पगारावर घाला. बहुतेक ठिकाणी हा माणूस हेल्परमधून उचललेला असतो, पीएच पेपर आणि चुन्याची गोण एवढंच त्याचं शिक्षण. त्याला जार टेस्ट, म्हणजे कुठलं केमिकल किती घालायचं ते भांड्यात करून बघणं, करता आली, एमएलएसएस म्हणजे टाकीत जीवाणू किती हे बघता आलं, तर तुमचं केमिकलचं बिल उतरेल. घातक गाळ नव्वद दिवसांच्या वर साठवू नका, तळोजा किंवा रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जाईल त्याचं मॅनिफेस्ट (वाहतुकीची पावती) जपून ठेवा, जूनअखेर घातक कचऱ्याचं वार्षिक रिटर्न, सप्टेंबरअखेर फॉर्म ५, म्हणजे पर्यावरण विवरणपत्र, ह्या तारखा चुकल्या की रिन्यूअलला नेमकं तेच आडवं येतं. वापरलेलं अ‍ॅसिड किंवा सॉल्व्हेंट दुसऱ्याच्या कच्च्या मालात चालत असेल तर घातक कचरा नियमांच्या नियम ९ खाली परवानगी काढून विका. रात्रीच्या टँकरवाल्याला देऊ नका, तो स्वस्त पडतो कारण तो ते नाल्यातच ओतणार असतो, आणि सापडला तर ड्रमवरचं लेबल तुमचं असतं.

आणि जे नाल्याच्या पलीकडे राहतात त्यांच्यासाठी: मंडळाच्या वेबसाईटवर कन्सेंटच्या प्रती मिळतात. तुमच्या शेजारच्या प्लॉटची काढून वाचा, त्यात किती पाणी घ्यायचं, किती सोडायचं, कुठे सोडायचं सगळं लिहिलेलं असतं. मग एमआयडीसीकडे माहितीच्या अधिकारात त्याच प्लॉटची बारा महिन्यांची पाण्याची बिलं मागा. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तक्रार केली तर ती 'वास येतो हो साहेब'सारखी फाईलला लागत नाही, एसआरओला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागतं.